दसऱ्याची मूळ संख्या

"मॅडम, माझं एक येत नाहीये."

आफरीन मुजावरने शेवटच्या रांगेतून हात वर केला, तेव्हा तास संपत आला होता आणि बाकीचा वर्ग दप्तरं आवरत होता. पद्मजा मगदूम बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दरवर्षी हे प्रात्यक्षिक देत असे. सरकारी संकेतस्थळावर जा, यांत्रिक हृदयांच्या यादीतून कुठल्याही दोन संख्या उचला आणि त्यांचा मसावि काढा. महत्तम साधारण विभाजक. पाचवीत आपण सगळे शिकतो आणि पुढच्या मे महिन्यात विसरतो, तोच. इथल्या संख्या तेवढ्या बाराशेहून जास्त आकडी. पण रीत तीच जुनी: मोठीला लहानीने भागा, बाकी उरेल तिने लहानीला भागा, असं करत खाली उतरत जा. संगणकाला डोळ्याचं पातं लवायच्या आत जमतं.

उत्तर ठरलेलं असे. एक. म्हणजे दोन संख्यांत सामाईक काहीही नाही. सगळ्या वर्गाचं एक आलं की पद्मजा म्हणे, "बघा, सुरक्षितता अशी दिसते. कंटाळवाणी." मुलं हसत. हा तिचा वर्षातला एकुलता एक विनोद होता आणि ती तो जपून वापरत असे.

ती आफरीनच्या मागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर एकच्या जागी आकड्यांचा ठोकळाच्या ठोकळा होता.

"कुठल्या संख्या घेतल्यास?"

"मिरजेच्या, मॅडम. आमचं गाव म्हणून. एकाच तारखेच्या दोन शेजारी शेजारी होत्या."

यादीत नाव नसतं. संख्या, तारीख आणि दवाखान्याचं गाव, एवढंच. पण पद्मजाला नावाची गरज नव्हती. त्यातली पहिली संख्या सात-शून्य-चार-एक-एक-नऊने सुरू होत होती, आणि ती तिच्या नवऱ्याची होती.

"कुठेतरी आकडा गळला असेल," ती म्हणाली. "होतं असं. घरी जाऊन पुन्हा कर."

"तीनदा केलं, मॅडम."

"मग चौथ्यांदा कर. एकच यायला हवं."

आफरीनने मान डोलावली आणि वही मिटली. वर्गातली सगळ्यात चोख मुलगी ती. लोकांना वाटतं, गणिताच्या माणसाला खोटं बोलता येत नाही. चांगलं येतं. फक्त गणितात बोलता येत नाही, असं पद्मजासुद्धा त्या दिवसापर्यंत समजत होती.

घरी हॉलमधला सोफा काढून तिथे दवाखान्याची कॉट टाकली होती. तिच्यावर अभिनंदन मगदूम चार वर्षं पडून होता. साखर कारखान्यात केमिस्ट होता तो. ऐन पन्नाशीत हृदयाने मान टाकली, म्हणून यांत्रिक हृदय बसवलं. वर्षभर त्यावर छान हिंडला-फिरला, पथ्य मोडून जिलबीही खाल्ली. मग मेंदूत गुठळी गेली. आता डोळे उघडे असत, पण त्या डोळ्यांमागे कुणी नव्हतं. मेंदूच्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून तसं सांगितलं होतं. हृदय मात्र ठणठणीत होतं. कंपनीने त्याची वीस वर्षांची हमी दिली होती.

हे हृदय ठोके देत नाही. आत एक फिरकी असते, ती विहिरीवरच्या पंपासारखी रक्त सलग ढकलत राहते. माणूस उबदार असतो, श्वास चालू असतो, नाडी तेवढी लागत नाही. सुरुवातीला पद्मजा त्याचं मनगट धरून बसे आणि मधेच दचकून म्हणे, "लागतोय! ठोका लागतोय!" दिवसपाळीच्या नर्स मार्थाताईंनी तिला एकदा हळूच समजावलं. "ताई, अंगठ्याने नाडी बघू नये. अंगठ्यात आपलीच नाडी असते. तुम्हाला लागतोय तो तुमचाच ठोका आहे."

तेव्हापासून तिने मनगट धरणं सोडलं. मग एकेक करत बाकीचंही सुटलं. त्याच्याशी बोलणं सुटलं, रडणं सुटलं, जेवणात मीठ कमी की जास्त हे कळायचं सुटलं. कॉलेज, औषधं, चादरी बदलणं, सगळं वेळच्या वेळी होत होतं. "पद्मजा खंबीर आहे हो," असं नातेवाईक म्हणत. खंबीर नव्हती ती, बधिर झाली होती. लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

आणि हे थांबवण्याची सोय नव्हती. पूर्वी कुणाकुणाच्या नातेवाइकांनी इस्टेटीसाठी ही हृदयं बंद केली होती, म्हणून कायदाच तसा झाला. हृदयाचं कुलूप रुग्णाचं. बंद करायचा हुकूम रुग्णाच्या किल्लीने द्यायचा, नाहीतर त्याने शुद्धीत असताना स्वतःच्या तोंडाने ज्याला दुसरी किल्ली दिली असेल त्याने. कमरेला बांधायचं यंत्र पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी तंत्रज्ञाने अभिनंदनला विचारलं होतं, "दुसरी किल्ली कुणाकडे ठेवायची, साहेब?" पद्मजा शेजारीच उभी होती, तिचा हात त्याच्या हातात होता. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "कुणाकडे नको."

हे शब्द तिच्या मनात अडकले ते अडकलेच. ज्या घरात आजोबांनी सगळ्यांची क्षमा मागून, अन्न सोडून शांतपणे देह ठेवला, त्या घरातला हा माणूस. "जायचं तर आपल्या तोंडाने सांगून जावं," असं आजोबांबद्दल आदराने सांगणारा. त्याने बायकोला किल्ली दिली नाही. तिच्यावर विश्वास नव्हता का? विचारायचं राहून गेलं आणि मग विचारायला कुणी उरलं नाही.

त्या संध्याकाळी पद्मजाने आफरीनचं गणित स्वतः करून पाहिलं.

कुलपाची युक्ती सोपी आहे. यंत्र दोन प्रचंड मूळ संख्या निवडतं. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणी निःशेष भागू शकत नाही, ती. या दोघींचा गुणाकार करून यंत्र तो चारचौघांत जाहीर करतं आणि दोघींना पोटात लपवून ठेवतं. गुणाकार हे कुलूप, मूळ संख्या ही किल्ली. कणकेत पाणी घालायला काही लागत नाही. मळलेल्या कणकेतून पाणी काढून दाखवा म्हटलं, तर भल्याभल्यांचे हात टेकतात. तसंच इथे. गुणाकारावरून त्या दोघी शोधायच्या, तर जगातले सगळे संगणक जन्मभर राबले तरी पुरे पडणार नाहीत.

पण दोन वेगळ्या कुलपांत एक मूळ संख्या सामाईक असेल, तर शोधायची गरजच नाही. दोन्ही कुलपांचा मसावि काढायचा. ती आपल्या पायांनी चालत बाहेर येते.

बाहेर आलेली संख्या सहाशे सतरा आकडी होती. पद्मजाने तिची परीक्षा घेतली. तिच्यातून एक वजा करून तेवढा दोनचा घात घ्यायचा आणि त्या संख्येने भागायचं. संख्या मूळ असेल तर बाकी नेमकी एक उरते. मग दोनच्या जागी तीन, पाच, सात. दर वेळी एकच उरला. चारने भागल्यावर बाकी तीन, शेवटचा आकडा नऊ. एवढ्या मोठ्या संख्यांमध्ये चौदाशेत सरासरी एखादी मूळ निघते, आणि तरीही तेवढ्या आकडी मूळ संख्या इतक्या आहेत की विश्वातले अणू मोजून संपतील, त्या संपणार नाहीत. दोन यंत्रांनी आपापली निवड करावी आणि ती एकच निघावी, हे होणे नाही. म्हणजे हा योगायोग नव्हता. कुणीतरी काहीतरी केलं होतं.

काय केलं होतं ते तिला आठवलं. तिच्या डोळ्यांदेखतच झालं होतं.

दसरा होता. दवाखान्यात टेबलावर दोन नवी यंत्रं मांडली होती, दोन्ही रुग्णांच्या हृदयांना तारांनी जोडलेली, हळदीकुंकू वाहिलेली, झेंडूची फुलं घातलेली. एक अभिनंदनचं, दुसरं जयसिंगपूरच्या एका बँडवाल्याचं. त्याची पोरं खाली आवारात वाजवत होती. तंत्रज्ञ बिचारा म्हणत होता, "यंत्रं जरा वेळ नुसती चालू राहू देत. आजूबाजूची खुडबूड गोळा करून त्यातून ती संख्या निवडतात. लगेच कामाला लावली तर त्यांच्याजवळ घड्याळाशिवाय काही नसतं." विश्वस्त म्हणाले, "मुहूर्त टळेल हो!" आणि दोन्ही यंत्रांना मिळून एकच बटण जोडून त्यांनी नारळ फुटताच ते दाबलं. सासूबाईंनी हात जोडले. गणिताच्या प्राध्यापक पद्मजाबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, त्यांना सगळं कळलं आणि त्याही प्रसाद घेऊन गप्प बसल्या. चांगल्या दिवशी कुठे वाद घालायचा?

दोन्ही यंत्रांची घड्याळं एका क्षणी सुरू झाली, म्हणून पहिली मूळ संख्या दोघांची एकच निघाली. दुसरी निवडेपर्यंत अंगातल्या रक्ताच्या वाहण्याची मोजमापं यंत्रांत शिरली होती, म्हणून दुसऱ्या वेगळ्या.

पद्मजाने भागाकार केला. बाकी शून्य. समोर दुसरे सहाशे सतरा आकडे उभे राहिले. पहिली संख्या दसऱ्याची होती. ही अभिनंदनची होती, त्याच्याच रक्ताच्या चालीतून निघालेली. त्याने जी तिला दिली नाही, ती किल्ली आता तिच्या पडद्यावर होती.

तिने कॉटकडे पाहिलं. काही वाटेल म्हणून जरा वेळ थांबली. काही वाटलं नाही.

पुढचं मात्र तिला लख्ख दिसत होतं. ही चूक कंपनीला कळवली की दोन्ही कुलुपं बदलणार. अभिनंदनचं "कुणाकडे नको" नव्या कुलपावरही तसंच चढणार आणि त्याला सोडवायचं जे एकच दार उघडलं होतं ते कायमचं बंद होणार. आणि कळवलं नाही, तर पाचवीतला मसावि येणारा कुणीही उपटसुंभ त्या बँडवाल्याचं हृदय घरबसल्या बंद करू शकणार. एका मुलीने तर ते गणित सोडवलंही होतं.

तिने कळवलं नाही. शनिवारी ती जयसिंगपूरला गेली.

रंगराव आवळे दारातच क्लॅरिनेटची पत्ती ओली करत बसला होता. पद्मजाने ओळख सांगितली, तसा उठून उभा राहिला. "आवं, मगदूम सायबांच्या मालकीणबाई! या की. एकाच मुहूर्ताची मान्सं आपण. सायेब कसं हैत?"

"तसेच आहेत. सहज आले होते या बाजूला, म्हटलं तुमची चौकशी करावी."

"मला काय धाड भरलीया? लगीनसराईत उसंत न्हाई." त्याने छातीवर थाप मारली. "फकस्त एक झालंय बगा मॅडम, अंगात ठोकाच न्हाई. पयला ताल आतनं यायचा. आता ढोलवाल्याला चिकटून उभा ऱ्हातो. पोरं म्हनत्यात, मामा, त्येच्या खिशात शिरतोयास का काय!"

तो हसला. पद्मजाने हसल्यासारखं केलं. त्याच्या सदऱ्याआडून कमरेचं यंत्र दिसत होतं, हिरवा दिवा लागलेला. ती त्याच्याशी बोलत होती, पण नजर दिव्याकडे जात होती. या माणसाची अर्धी किल्ली आपल्या पर्समधल्या संगणकात आहे आणि उरलेली अर्धी एका भागाकाराच्या अंतरावर, हे तिला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं.

रंगरावची बायको सुमन चहा घेऊन आली. तो फोनवर सुपारी ठरवायला बाहेर गेला, तशी ती पद्मजाजवळ सरकून बसली.

"ताई, तुमच्याकडं दिलीया का हो सायबांनी किल्ली?"

"नाही."

"सुटलासा," सुमन म्हणाली. "ह्येंनी माझ्याजवळ दिलीया. बारा शब्द हैत, त्ये घातलं की कुलूप उघडतंय. चार मान्सांत म्हनाले, माझा इश्वास हाय तिच्यावर. मला मोठी म्हनून मिरवली. पर ताई, भाकरी थापताना ते शब्द मनात येत्यात आन् हात थांबतो. इसरावं म्हटलं तर भ्या वाटतं, आठवलं तर त्याहून जास्ती. रातीला हे जरा जास्ती शांत झोपलं की मी उठून दिवा बघते. नवरा ऱ्हायला बाजूला, दिवाच बघते मी." तिने पदराने बशी पुसली. "ज्याला काळजी हाय बायकूची, त्यानं देऊ न्हाई."

पाच वर्षं पद्मजाने त्या दोन शब्दांचा एकच अर्थ लावला होता. दुसरा असू शकतो हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते या बाईने, जिच्या नवऱ्याचा जीव आपण मुठीत घेऊन तिचा चहा पीत होतो. तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, पण वाटायला हवी होती एवढं कळलं.

रविवारी सकाळी मार्थाताई चर्चला जात. घरात दोघंच. पद्मजाने दोन्ही मूळ संख्यांवरून किल्ली बनवली आणि संकेतस्थळावरच्या त्याच्या हृदयाच्या पानावर लावली. कुलूप निमूट उघडलं. पडद्यावर प्रश्न आला: "प्रवाह थांबवायचा आहे का?" खाली "होय" आणि "नाही".

ती बसून राहिली. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, कुणी जिन्यात चप्पल झटकली. दाबावं असं वाटेना, दाबू नये असंही वाटेना. तिने अभिनंदनकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, किल्ली हाती आल्यापासून आपण याच्या तोंडाकडे पाहिलेलंच नाही. येता-जाता कमरेच्या दिव्याकडेच पाहतोय. अगदी सुमनसारखं. मग जिन्यात मार्थाताईंची पावलं वाजली आणि तिने पान मिटलं. हे काही मोठं मन नव्हतं. कुणी आलं म्हणून हातातलं काम राहावं, तसं ते राहिलं.

सोमवारी आफरीन स्टाफरूमच्या दारात उभी होती.

"मॅडम, झालं. तुम्ही म्हणालात तसंच. एक आलं."

पद्मजाने वही घेतली. अक्षर नेहमीसारखं सुबक. त्याच दोन संख्या, संगणकावरून उतरवलेल्या शेवटच्या काही पायऱ्या, सगळ्या बरोबर. आणि खाली, आधीच्या कशातूनही न निघणारा, एक.

"हे कसं आलं?" पद्मजाने विचारलं.

आफरीन खाली बघत म्हणाली, "रात्रंदिवस करत होते, मॅडम. दर वेळी तेच यायचं. मग मला वाटलं, मलाच कळत नाहीये. तुम्ही म्हणालात एक यायला हवं, म्हणून..." तिने दप्तर खांद्यावर घेतलं. "एम.एस्सी.ला गणित घेणार होते. नाही घेत आता. माझ्या डोक्यातच काहीतरी चुकतंय."

पद्मजाने वही मिटली. छातीत काहीतरी जोराने वर आलं, इतक्या दिवसांनी आलं की ते दुःख आहे की राग की शरम, हे ओळखायलाही वेळ लागला. शरमच होती. नवऱ्याचं हृदय बंद करायच्या प्रश्नासमोर जी बाई दगडासारखी बसली, ती एका पोरीने लिहिलेल्या खोट्या एकसमोर पार ढासळली.

"चल," ती म्हणाली. "वर्गात चल."

वर्ग भरला होता. पद्मजाने खडू घेतला आणि पुन्हा ठेवून दिला.

"आफरीनचं पहिलं उत्तर बरोबर होतं," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांत तिनेच सगळ्यात मोठं काम केलंय. मी तिला चूक म्हटलं. चूक नव्हती. मी खोटं बोलले."

आफरीननेच विचारलं, "का, मॅडम?"

"त्यातली एक संख्या माझ्या नवऱ्याची आहे. मला ती वापरायची होती."

एवढं बोलून तिने सगळ्यांसमोर कंपनीला आणि आरोग्य खात्याला चूक कळवली. आफरीनचं नाव आधी घातलं, स्वतःचं नंतर. पाठवताना तिला वाटत होतं, आपण आपल्या हाताने दार लावून घेतोय. अभिनंदन आता हमी संपेपर्यंत असाच पडून राहणार. तरी तिने पाठवलं.

मग जयसिंगपूरला फोन केला. रंगरावने ऐकलं ते बायकोला सांगितलं. फोन सुमनने ओढून घेतला.

"म्हंजी शनवारी तुमास्नी ठावं हुतं?"

"हो."

"माझ्या घरात बसून, माझ्या हातचा च्या प्यालासा. तवा ठावं हुतं?"

"हो."

फोन बंद झाला. पद्मजाला रडू आलं, स्टाफरूममध्ये, सगळ्यांदेखत. कुणीतरी पाणी दिलं. पाणी खारट लागलं आणि तिला हसूही आलं.

पुढे व्हायचा तो बोभाटा झाला. साडेतीन मुहूर्तांना चालू केलेली यंत्रं तपासली, तर राज्यभरात अशा जोड्याच जोड्या निघाल्या. पाडव्याच्या, अक्षय्य तृतीयेच्या. चोरालासुद्धा पंचांग पुरलं असतं. समिती बसली, विश्वस्तांनी हात झटकले, रंगरावचं कुलूप सर्वांत आधी बदललं. त्यानेच फोन करून सांगितलं, "हिनं किल्ली पुन्हा घेतली, मॅडम. म्हटलं नगं तर नगं, तर म्हनली, दुसऱ्या कुनाच्या हातात देता काय माझा नवरा? शिव्या दिऊन दिऊन घेतली. तुमच्याशी अजून बोलायची न्हाई म्हनते." मग समजूत घातल्यासारखं म्हणाला, "बोलंल. येळ लागंल."

अभिनंदनची पाळी दिवाळीनंतर आली. नवा तंत्रज्ञ तरुण होता. त्याने जुनं यंत्र बाजूला ठेवलं, नवं चालू केलं आणि चहा मागितला.

"आता हे बराच वेळ नुसतं चालू राहू द्यायचं, मॅडम. घाई नाही करायची."

"माहीत आहे," पद्मजा म्हणाली.

चहा झाल्यावर त्याने फाइल उघडली. "एक विचारायचंय. कोर्टाने सांगितलंय, जुनं कुलूपच खोटं ठरलं, तर त्यावेळी घेतलेला जबाबही रद्द. रुग्ण बोलू शकत नसेल तर पालकाने सांगायचं." त्याने लेखणी उचलली. "दुसरी किल्ली कुणाकडे ठेवायची?"

याची तिला कल्पना नव्हती. तिने अभिनंदनच्या तोंडाकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते. कधी झाले, तिने पाहिलं नव्हतं. त्या दसऱ्याला तो तिच्याकडे न बघता का बोलला, हे तिला आता कळत होतं. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. भाकरी थापताना तिचा हात थांबू नये, तिने रात्री उठून दिवा बघू नये, म्हणून त्याने ते एकट्याने अंगावर घेतलं होतं. शहाणपणा केला, असं त्याला वाटलं असणार. वेडा कुठला!

"माझ्याकडे," ती म्हणाली.

तंत्रज्ञाने लिहून घेतलं, सही घेतली, बारा शब्द तिच्या हवाली केले आणि गेला. मार्थाताई स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या. पद्मजा कॉटच्या कडेला बसली.

"अभि, किल्ली माझ्याकडे आहे," ती म्हणाली. चार वर्षांनी त्याच्याशी बोलताना आवाज घोगरा येत होता. "मागून घेतली, चोरून नाही. तुला सोडणार आहे मी. घाईने नाही. तुझ्या भावाला बोलावते, डॉक्टरांना बोलावते, आजोबांच्या वेळी केलं तसं सगळ्यांना सांगते. तुझ्या तोंडाने तुला सांगता येत नाही, म्हणून माझ्या तोंडाने. पण रागावलेय मी तुझ्यावर. मला विचारायचंस तरी."

ती रडत होती आणि तिने डोळे पुसले नाहीत. तिने त्याचं मनगट हातात घेतलं. ते उबदार होतं, आणि आत कुठेतरी फिरकीची बारीक घरघर लागत होती. मग तिने जाणूनबुजून नाडीच्या जागी अंगठा ठेवला आणि दाबून धरला.

ठोका लागला. कुणाचा आहे ते तिला ठाऊक होतं. तरी ती तो बराच वेळ मोजत बसली.